दोन वणी, एक खांब

वणी म्हटलं की यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला कोळसा आठवतो. खाणी, ट्रकांच्या रांगा, मे महिन्यातला धुळीने भरलेला रस्ता. इंग्रजांनी वऱ्हाडाच्या या कोपऱ्याचा वेगळा जिल्हा केला आणि पुढे त्याला नाव वणीचं लावलं. कचेऱ्या यवतमाळात आणि जिल्हा मात्र ‘वूण’, असा कारभार १९०५ पर्यंत चालला. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्मही याच वणीचा. नाशिककडच्या माणसाला मात्र वणी म्हणजे सप्तशृंगीच्या पायथ्याचं गाव. मल्लखांबाची गोष्ट सुरू होते ती त्या वणीत. लहानपणी मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती आमचीच वणी वाटली. पुढे दोन-तीन वर्षं मी वर्गातल्या पोरांना छाती फुगवून सांगत असे की मल्लखांब आपल्या जिल्ह्यात जन्मला. कोणी हटकलं नाही, कारण तेही तेवढेच अडाणी होते.

गोष्ट अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या हैदराबादेहून दोन पैलवान पुण्यात आले, अली आणि गुलाब. त्यांनी दरबारात जाहीर आव्हान दिलं: आमच्याशी लढणारा कोणी असेल तर पुढे या, नाहीतर जितपत्र लिहून द्या. पेशव्याच्या पदरचे मल्ल खाली मान घालून बसले. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा एक तरुण उठला आणि आव्हान मी स्वीकारतो म्हणाला. फक्त थोडी मुदत मागितली. अंगापिंडाने तो त्या दोघांच्या निम्माही नसावा. मुदत मिळाल्यावर तो तालमीत गेला नाही, गेला सप्तशृंगीला अनुष्ठानाला. तिथे मारुतीने त्याला दृष्टान्त दिला. कोणी सांगतात स्वप्नात, कोणी सांगतात प्रत्यक्ष वानराच्या रूपात. वानर झाडाच्या खोडाशी लगट करत होतं. मांड्यांनी खोड आवळायचं, उलटं व्हायचं, सुटायचं, पुन्हा पकडायचं. बाळंभटाने काय ते ओळखलं. परत येऊन लाकडाचा गुळगुळीत खांब रोवला आणि त्याच्याशी कुस्ती सुरू केली. मुदत संपली, फड लागला, अली चीत झाला, आणि गुलाबने लढायलाच नकार दिला. पेशव्याने बाळंभटाला जवळ केलं. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना बाळंभटदादा म्हणू लागला.

ही गोष्ट सांगताना आपण सगळे आपोआप पुण्याच्या बाजूला उभे राहतो. यवतमाळच्या माणसाने मात्र इथे जरा थांबावं. त्या काळात वऱ्हाड निजामाच्या मुलखात मोडत होतं. वसुलीत नागपूरकर भोसल्यांचा वाटा होता, पण १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा भाग त्यांच्या हातून गेला आणि वऱ्हाड निजामाकडेच राहिलं. म्हणजे अली आणि गुलाब आपल्या राज्याचे पैलवान होते. राज्याच्या हिशेबाने पाहिलं तर फडात आपण हरलो. ही गोष्ट कुठल्याही व्याख्यानात सांगत नाहीत; सांगितली तर टाळ्या कमी पडतील.

दृष्टान्ताची कथा श्रद्धेने ऐकावी, पण मल्लखांबाचा शोध बाळंभटदादांनी लावला असं कोणी म्हटलं तर तिथे अडवावं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने करमणूक कशी करावी, काय खावं, हत्ती कसे पोसावेत इथपासून सगळं त्यात आहे. मल्लांच्या प्रकरणात त्यांचे निरनिराळे श्रम, म्हणजे आजच्या भाषेत सराव, सांगितले आहेत: वजन उचलण्याचा, पाण्यातला, आणि खांबावरचाही. त्याला तिथे ‘स्तंभश्रम’ म्हटलं आहे. म्हणजे खांब बाळंभटदादांच्या साडेसहाशे वर्षं आधी होताच. सोमेश्वराचं राज्य आपल्या दक्षिणेला, फार लांब नव्हे. मग बाळंभटदादांनी काय केलं? माझ्या मते त्यांनी केलं ते शोधापेक्षा मोठं. मल्लाच्या सरावातला एक बाजूचा प्रकार उचलून त्यांनी त्याची आख्खी विद्या केली, तिला क्रम दिला, आणि ती दुसऱ्याच्या अंगात उतरवता येईल अशी शिकवण उभी केली. शोध एकट्याचा असू शकतो. शिकवण उभी करायला समोर शिष्य लागतो, आणि दादांना शिष्य मिळाले.

खांबात एवढं काय आहे, हे ज्याने लाल मातीत एकदा पाठ टेकवली आहे त्याला लवकर कळतं. कुस्तीत समोरचा माणूस घामाने निसरडा असतो, हातातून सुटतो, आणि त्याचं वजन सतत बदलतं. खांब हलत नाही, पण त्याला एरंडेल चोळलं की तोही घामेजल्या माणसासारखा निसटू लागतो. सराव करणारा हातांना राळेची भुकटी लावतो आणि मांड्यांवर भिस्त ठेवतो. खांबाचे तीन भाग: वर गोल बोंड, त्याखाली बारीक मान, आणि मग खाली रुंद होत जाणारं अंग. नावं माणसाच्या शरीराची, आणि त्यात काही आश्चर्य नाही, कारण समोर उभा आहे तो लाकडाचा पैलवान. अढी म्हणजे मांड्यांनी घातलेला विळखा. तेढी, बगली, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवा, पताका, दसरंग, फरारे… नुसती नावं ओळीने म्हटली तरी तालमीच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटतं. सुईदोऱ्यात शरीर खरोखर सुईत दोरा ओवावा तसं हातांच्या कडीतून जातं. वेलीत माणूस वेलासारखा खांबाला गुंडाळत वर जातो. उलटं लटकताना रक्त डोक्यात उतरतं आणि कान गरम होतात. त्या अवस्थेत पोराला श्वास सोडायला शिकवणं हे वस्तादाचं खरं काम. बाकीचं पोर स्वतःच शिकतं.

खांब तीन तऱ्हांचा. रोवलेला आपल्या ओळखीचा. तो जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास. दुसरा साखळीने टांगलेला, आकाराने लहान; तो फिरतो, झुलतो आणि चुकीला माफी देत नाही. तिसरा दोरीचा. पूर्वी तो वेताचा असे. चांगला लांब वेत मिळेनासा झाला आणि त्याची जागा सुती दोरीने घेतली. आता दोरीचा मल्लखांब मुलींचा मानला जातो, आणि बघणाऱ्याला सगळ्यात सुंदर तोच वाटतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक विद्या आहे, कापोएरा. ब्राझीलच्या बाईया प्रांतातलं साल्वादोर हे तिचं माहेर. आफ्रिकेतून, विशेषतः अंगोलाच्या बाजूने, पोर्तुगीजांनी पकडून नेलेल्या गुलामांनी तिथे ती घडवली. माणसं गोल करून उभी राहतात. त्या गोलाला रोदा म्हणतात. मध्ये दोघे उतरतात, एकमेकांच्या अंगाला अंग घासेल इतक्या जवळून लाथा फिरवतात, वाकतात, हातांवर उलटे होतात. कडेला धनुष्यासारखं एक वाद्य वाजतं, त्याला खाली पोखरलेला भोपळा बांधलेला. तुणतुण्याच्या आणि एकतारीच्या जातीचं म्हणा. त्याचं नाव बेरिंबाऊ. त्याचा ठेका बदलला की खेळही बदलतो, जसं जत्रेच्या दंगलीत डफडं चढलं की पैलवानांचे पाय बदलतात. गुलामांच्या मालकाला वाटायचं, हे नाचताहेत, असं सांगतात. हा नाच लढाईचा होता. १८८८ मध्ये ब्राझीलमधली गुलामी संपली आणि १८९० च्या नव्या दंडसंहितेने कापोएराला गुन्हा ठरवलं. गुलाम असताना नाच म्हणून खपलं, मोकळे झाल्यावर गुन्हा झाला.

पोर्तुगीजांचा उल्लेख आला म्हणून एक आडवळण घेतो. साल्वादोर त्यांचं आणि गोवाही त्यांचं. गोव्याहून लिस्बनला परत जाणारी जहाजं वाटेत बाईयाला थांबत. आपल्या कोकणातला काजू मूळचा ब्राझीलचा, हे त्याच वाटांचं देणं. माल आला, भाज्या आल्या, कापोएरा मात्र त्या वाटेने आला नाही. बहुधा जहाजावर चढायची मुभा माणसांपेक्षा बियांना जास्त होती.

कापोएराचे दोन वस्ताद जगाला माहीत आहेत. त्यातला एक पास्तिन्या, पूर्ण नाव विसेंते फेरैरा पास्तिन्या, जन्म १८८९ चा. तो आठ-दहा वर्षांचा असताना त्याच्या गल्लीतलं एक मोठं पोर त्याला रोज मारत असे. शेजारच्या खिडकीतून एक म्हातारा आफ्रिकी माणूस, बेनेदितो, हे पाहत होता. त्याने पोराला आत बोलावलं आणि सांगितलं की पतंग उडवण्यात वेळ घालवतोस, त्यापेक्षा इथे येत जा. पास्तिन्या गेला. काही दिवसांनी मोठ्या पोराने मारणं बंद केलं. ही गोष्ट पास्तिन्या आयुष्यभर सांगत राहिला. अली-गुलाबच्या गोष्टीशी ती ताडून पाहा. दुबळा, दांडगा, आणि मध्ये एक शिकवणारा. आपल्याकडे तो शिकवणारा मारुती झाला, तिकडे खिडकीतला म्हातारा राहिला. आपल्या गोष्टीतून माणूस गळला याचं मला जरा वाईट वाटतं. बाळंभट लहान असताना त्यांना पहिला बैठक-जोर कोणी शिकवला असेल? तोही कोणी म्हाताराच असणार.

दुसरा वस्ताद बिंबा, म्हणजे मानोएल दोस रेइस माशादो. गोदीत हमाली केलेला, कोळसा भाजलेला माणूस. १९३२ मध्ये त्याने साल्वादोरला शाळा काढली. रस्त्यावरच्या कापोएराला त्याने शिस्त लावली, डाव क्रमाने बसवले, परीक्षा ठेवल्या. शिष्य शिकत असावा किंवा कामधंद्याला असावा ही अट घातली, म्हणजे पोलिसांना हे भटक्यांचं टोळकं आहे असं म्हणता येऊ नये. १९३७ मध्ये सरकारने त्याच्या शाळेला मान्यता दिली. उत्तीर्ण शिष्याला तो रेशमी रुमाल देई. रेशमावरून वस्तऱ्याचं पातं घसरतं, म्हणून जुने कापोएरावाले गळ्याला रेशीम बांधत. त्याची ती आठवण. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास यांनी बिंबाचा खेळ पाहिला आणि हाच आपला खरा राष्ट्रीय खेळ असं म्हणून गेले.

बिंबाची शिस्त आणि बाळंभटदादांचा क्रम या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. रानात उगवलेलं वाफ्यात लावायचं. पास्तिन्याला हे मान्य नव्हतं. त्याने १९४१ पासून आपला ‘कापोएरा अंगोला’ वेगळा ठेवला: संथ, जमिनीला धरून, खोडकर. त्याचे शिष्य पिवळे सदरे आणि काळ्या विजारी घालत, कारण त्याच्या आवडत्या फुटबॉल संघाचे रंग तेच. दोन्ही वस्तादांना शेवटी शहराने काय दिलं ते पुढे सांगतो. आधी आपल्या जिल्ह्यात येऊ, कारण बाळंभटदादांचा पेशवा इथूनही पळत गेला.

१८१८ चं वर्ष. जानेवारीत कोरेगावची लढाई झाली. फेब्रुवारीत आष्टीला पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले. बाजीराव पूर्वेकडे निघाला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्याकडून मदत मिळेल, चांद्याचा किल्ला गाठता येईल, ही आशा. वर्धा नदीच्या काठाशी इंग्रज फौजा आडव्या आल्या, आणि एप्रिलमध्ये कर्नल ॲडम्सने त्याला पांढरकवड्याच्या परिसरात गाठून उधळून लावलं. पांढरकवडा म्हणजे आपला; केळापूरची जगदंबा आणि टिपेश्वरच्या वाघांच्या वाटेवरचं गाव. पेशवाईच्या शेवटच्या पानांवर यवतमाळ जिल्ह्याचं नाव असं येतं. तिथून बाजीराव उत्तरेला वळला आणि ३ जून १८१८ रोजी इंग्रजांच्या माल्कमच्या हवाली झाला. वर्षाला आठ लाखांची तैनात ठरली आणि मुक्काम ठरला कानपूरजवळ गंगेकाठचं बिठूर.

शाळेच्या पुस्तकात इथे पेशवाई संपते. मल्लखांबाच्या दृष्टीने मात्र खरी गोष्ट इथून सुरू होते. पुण्यात राहता तर मल्लखांब दरबाराची विद्या म्हणून राहिला असता: सणावारी प्रयोग, शालजोडी, आणि दोन पिढ्यांत विस्मरण. बाजीरावाबरोबर हजारो माणसं बिठूरला गेली. त्यात भिक्षुक होते, कारकून होते, स्वयंपाकी होते आणि बाळंभटदादा होते. उत्तरेत मराठी माणसांची एक वस्तीच उभी राहिली. तिला राज्य राहिलं नव्हतं, पण वाड्यातल्या पोरांना सकाळी उठवून अंग मेहनतीला लावायचं हे चालू होतं. नानासाहेब, तात्या टोपे आणि मोरोपंत तांब्यांची मनू, पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई, हे सगळे याच आखाड्यातले अशी परंपरा सांगते. मनू मल्लखांबावर चढे, तेही मुलांच्या बरोबरीने, हे त्या परंपरेतलं मला सगळ्यात आवडणारं चित्र आहे. मुलगी आणि मल्लखांब हे शब्द शेजारी यायला त्या काळात वाड्यातली मोकळीक लागली. बाहेरच्या गल्लीत ते जमायला शतक उलटावं लागलं.

बाजीराव पळपुटा, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्याच्या पदरी असलेल्या माणसाची विद्या मात्र पळाली ती इतकी चांगली पळाली की हिंदुस्थानभर झाली. काशीत तिने बूड रोवलं. बाळंभटदादांचे सहकारी-शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचं नाव तिथल्या मराठी आखाड्याशी जोडलेलं आहे. पुढे दामोदरगुरू मोघे यांच्यासारखे वस्ताद त्याच वळणाचे. काशीहून ही विद्या परत दक्षिणेला वाहत आली. मराठी पोरगा वेद शिकायला काशीला जायचा आणि येताना अढी-तेढी घेऊन यायचा. बडोद्याला जुम्मादादा नावाच्या मुसलमान वस्तादाचा आखाडा होता. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी सामूहिक कवायतीचे हुकूम इंग्रजीतून देशी भाषेत आणले. दत्तात्रय मुजुमदारांनी संपादलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत निघाला तोही बडोद्यातच. हैदराबादी पैलवानांना हरवण्याच्या कथेतून सुरू झालेली परंपरा बडोद्यात एका मुसलमान वस्तादाच्या अंगणात बहरली, हे विसरून तिच्यावर एका धर्माचा शिक्का मारणारे बरेच भेटतात. आखाड्याच्या लाल मातीत आडनाव विचारत नाहीत. निदान जुन्या वस्तादांनी विचारलं नाही.

इंग्रजांचं राज्य बसलं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या घरातली तलवार-बंदूक सरकारच्या परवान्याखाली आली. पण लाठीला परवाना कोण मागणार? आणि खांबाला? खांबावर पोर उलटं लटकलं तर ते बंड की व्यायाम, हे कुठल्याही कलेक्टराला ठरवता येणार नव्हतं. ब्राझीलमध्ये लढाई नाचाच्या आड लपली. वऱ्हाडात ती तब्येतीच्या आड लपली. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, हुतूतू, असं सगळं एका छताखाली. यवतमाळहून अमरावती म्हणजे नव्वद किलोमीटर. त्या काळी बैलगाडीने दोन मुक्काम, मोटार मिळाली तर एक दिवस. विदर्भातल्या व्यायामशिक्षकांचं ते पंढरपूर ठरलं. तिथे शिकून गेलेला मास्तर गावच्या शाळेत नोकरीला लागायचा आणि मैदानाच्या कोपऱ्यात एक खांब रोवून घ्यायचा.

१९३६ मध्ये मंडळाचं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने जर्मनीला गेलं आणि देशी खेळ त्यांनी तिथे करून दाखवले. मला या प्रसंगात कायम एकच गोष्ट दिसते. वऱ्हाडी पोरं, अंगावर लंगोट, समोर शिस्तीत बसलेले गोरे प्रेक्षक, आणि जगाचं लक्ष दुसरीकडेच कुठेतरी लागलेलं. त्या गदारोळात हुतूतूची ओळख झाली. मल्लखांब पाहून त्या लोकांनी काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल. पण गावोगावच्या आखाड्यांत ‘आपला खेळ बर्लिनला जाऊन आला’ हे वाक्य पुढची चाळीस वर्षं पुरलं.

आता लाकडाबद्दल. खांब सागाचा किंवा शिसवीचा चांगला. सागवान यवतमाळ जिल्ह्याइतकं मुबलक फार कमी ठिकाणी. पुसद, उमरखेड, पांढरकवड्याकडची जंगलं त्याचीच. पण इंग्रजांनी जंगलं राखीव केली तसा साग सरकारचा झाला. गवत कापायला परवाना, चराईला परवाना. १९३० च्या जुलैत बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो याच रागातून. मिठाला समुद्र लागतो. आमच्याकडे समुद्र नाही, म्हणून आम्ही गवत कापून कायदा मोडला. आखाड्याच्या खांबासाठी सागाचं एक सरळ खोड हवं असलं तरी वनखात्याच्या दारात उभं राहावं लागे. मारुतीच्या वानराने ज्या झाडावर डाव शिकवले, त्या झाडाला आता सरकारी हातोड्याची खूण होती.

स्वातंत्र्यानंतर मल्लखांबाचं रूप बदललं. कुस्तीचा हात सुटला, जिम्नॅस्टिक्सचा धरला. १९५८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांमध्ये मल्लखांबाला जागा मिळाली. १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाचा स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ निघाला. खेळाडूला दीड मिनिटाच्या आत सलामी, उडी, अढ्या, आसनं, उतरती हे सगळं बसवावं लागतं, आणि पंच कागदावर गुण मांडतात. जुने वस्ताद यावर नाक मुरडतात. कुस्तीशी नातं तुटलं की खांब नुसता सर्कशीचा होतो, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात. गुण नसते तर शाळांनी खांब कधीच उपटून फेकला असता, हेही खरं आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. महाराष्ट्र मागे राहिला, आणि त्याबद्दल बोलायला आपल्याला तोंड नाही.

मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी आयुष्य घातलं. त्यांनी परदेशी माणसांना मराठी नावांनी डाव शिकवले. दृष्टिहीन मुलींनाही शिकवले, आणि हे ऐकून चकित व्हायचं कारण नाही: खांब हाताला आणि मांडीला कळतो, डोळ्याला फारसा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. २०२४ मध्ये देशपांड्यांना पद्मश्री मिळाली. एका मल्लखांबाच्या वस्तादाला देशाने नाव घेऊन बोलावलं, हे बाळंभटदादांच्या हिशेबाने दोनशे वर्षं उशिरा झालं.

बिंबा आणि पास्तिन्याचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. बाईयाच्या सरकारने दिलेली आश्वासनं कागदावरच राहिली, आणि त्याला कंटाळून सत्तरी ओलांडलेला बिंबा १९७३ मध्ये शहर सोडून दूर गोयानियाला गेला. तिथे काही महिन्यांत, ५ फेब्रुवारी १९७४ रोजी, तो वारला. पास्तिन्याची शाळा साल्वादोरच्या जुन्या पेलोरिन्यो भागात होती. त्या भागाचा जीर्णोद्धार करायचा म्हणून त्याला तिथून हलवलं आणि जागा परत दिली नाही. दृष्टी गेली होती, पैसा नव्हता. १३ नोव्हेंबर १९८१ रोजी ९२ व्या वर्षी तो गेला. त्याचा शिष्य जुआंव ग्रांदे न्यूयॉर्कला जाऊन शिकवू लागला आणि २००१ मध्ये अमेरिकेचा लोककलांचा सन्मान त्याला मिळाला. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रोद्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. वस्तादाला गल्लीत जागा मिळाली नाही, विद्येला जगात मिळाली. बिठूरलाही असंच काहीसं झालं. १८५७ च्या उठावात इंग्रजांनी पेशव्यांचा वाडा जमीनदोस्त केला, आणि वाड्यातली विद्या काशीत, बडोद्यात, अमरावतीत चालू राहिली.

एका बाबतीत मात्र ब्राझीलवाले आपल्यापेक्षा शहाणे निघाले. रोदा सुरू होण्याआधी बेरिंबाऊच्या ठेक्यावर गाणं होतं आणि त्यात गेलेल्या वस्तादांची नावं घेतात. पास्तिन्या, बिंबा, त्याही आधीचे. पोरं नाचता नाचता इतिहास पाठ करतात. आपल्या आखाड्यात भिंतीवर मारुतीची तसबीर असते, तिला शेंदूर, नारळ, शनिवारी तेल. खांबालाही हळदीकुंकू. बाळंभटदादांचं नाव विचारा: दहातल्या आठ पोरांना माहीत नाही, उरलेल्या दोघांना स्पर्धेच्या प्रश्नमंजूषेपुरतं माहीत आहे. मारुतीचं काही बिघडत नाही. त्याला अवतारकार्यं पुष्कळ. शेंदरातलं एक बोट त्या खिडकीतल्या म्हाताऱ्यासाठी ठेवायला हरकत नाही.

यवतमाळच्या शाळेत नवा पोरगा मल्लखांबाला आला की मास्तर त्याला पहिल्या दिवशी वर चढवत नाहीत. आधी खांबाला नमस्कार. मग एरंडेलाची वाटी हातात देतात आणि म्हणतात, पूस. पोरगा बोंडापर्यंत पोचत नाही म्हणून टाचा उंचावतो. अंगाला तेल लागतं, चड्डीला लागतं, संध्याकाळी घरी आई ओरडते. दुसऱ्या दिवशी उडी मारून मांड्यांनी खांब धरायचा आणि धरून ठेवायचा, एवढंच. पोरगा धरतो, घसरतो, खाली बसतो, हसतो. ‘पुन्हा मार,’ मास्तर म्हणतात. आठवड्याभरात मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल वळ उठतात आणि एके दिवशी तो घसरायच्या आधी तीनपर्यंत मोजून होतं.